तर्री-पोह्याच्या प्लेटमध्ये कोण कोण बसलंय

माझ्या सासूबाई चिपळूणच्या. लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरला आल्या तेव्हा हौसेने त्यांना सकाळी सकाळी पोहे खायला नेलं, कस्तुरचंद पार्कच्या बाजूला ठेले लागतात तिथे. ठेल्यावरच्या भाऊने विचारलं, "वरून सांबार टाकू का जी?" आई माझ्याकडे बघायलाच लागल्या. पोह्यांवर सांबार? इडलीबरोबरचं? मग त्यांना सांगितलं की विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्या हसून "टाका" म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्या भाऊने न विचारताच पळीभर तर्री पण ओतली, लाल तेलाचा तवंगवाली, खाली काळे चणे. पहिल्याच घासाला ठसका, डोळ्यांतून धारा, घटाघटा पाणी प्यायल्या तर अजूनच आग. शांत झाल्यावर एकच प्रश्न, "अगं रोज उपाशीपोटी हे खाता तरी कसं तुम्ही?"

तेव्हा मी म्हटलं, सवय आई. पण उत्तर काही पटलं नाही, मलाच. सवय म्हणजे नेमकं काय, ती लागते कधी, लावतं कोण, आणि एकाच राज्यातल्या दोन बायांच्या जिभा इतक्या वेगळ्या काहून? मग थोडं वाचत गेले आणि ते वाचन बरंच लांबलं. सोप्यात सांगायचा प्रयत्न करते.

आधी त्या ठसक्याचं बघू. तिखट ही चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शाला असते तशी दाट चव) या चवी, म्हणजे जिभेवर त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा असते. तिखट म्हणजे चक्क भाजल्याची सूचना. मिरचीत कॅप्सेसिन असतं, ते आपल्या नसांवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या एका कुलपात चावीसारखं बसतं आणि ते कुलूप मुळात आहे उष्णता ओळखायला, साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की उघडणारं. म्हणजे मिरची मेंदूला खोटंच सांगते की तोंड भाजून राहिलंय. हे कुलूप डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने १९९७ मध्ये शोधून काढलं आणि त्यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत. (४३ अंश म्हणजे आमचा मे महिना, त्यामुळे नागपूरकरांना ही सूचना नवीन नाही.)

आता पाण्याने आग का वाढली? तर कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि तुपात विरघळतं. पाणी त्याला धुवून नेत नाही, फक्त तोंडभर पसरवतं. दूध किंवा दही घेतलं तर त्यातली चरबी आणि केसिन नावाचं प्रथिन त्याला धरून खाली नेतं. आणि तर्री तिखट का, तेही इथेच कळतं. मिरचीचं तिखट आणि तिचा लाल रंग, दोन्ही तेलात उतरतात आणि तेल तरंगतं वर. म्हणजे तर्री हा त्या रश्शाचा अर्कच. ज्याला कमी तिखट पाहिजे तो म्हणतो "खालचं द्या", आणि ज्याला दाखवायचं असतं तो म्हणतो "वरचं". हे रसायनशास्त्र ठेल्यावर सगळ्यांना तोंडपाठ आहे, फक्त नाव माहीत नाही.

पक्ष्यांना मात्र मिरची लागतच नाही. त्यांच्या कुलपात ही चावी बसत नाही. पोपट मिरची कराकरा खातो हे आपण लहानपणापासून बघतो, तर कारण हे. झाडाच्या फायद्याचंच आहे ते, पक्षी बिया न चावता गिळतात आणि दूर नेऊन टाकतात, प्राणी मात्र बिया दाढेखाली चिरडतात. म्हणजे मिरची तिखट झाली ती आपण तिला खाऊ नये म्हणून. आणि आपण तिचा ठेचा करतो.

आता ती प्लेट जरा निरखून बघा. मिरची अमेरिका खंडातली, मेक्सिकोकडची, पोर्तुगीज जहाजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे पोचली, त्याआधी तिखटपणासाठी मिरी आणि पिंपळी. पोह्यांतला आलू (बटाटा म्हणा तुम्ही) अमेरिकेचा. फल्लीदाणे (शेंगदाणे) अमेरिकेचे. तर्रीतलं टमाटर अमेरिकेचं. चणा आपला वाटतो पण त्याची पहिली शेती हजारो वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात झाली. सांबार, म्हणजे कोथिंबीर, भूमध्य समुद्राकडची. सोबतचा चहा मुळात चीनचा, आसाममध्ये इंग्रजांनी १८३०च्या दशकात त्याचे मळे सुरू केले. प्लेटमध्ये पक्के घरचे म्हणावेत असे पोहे, हळद आणि कढीपत्ता, बास. आणि तरी ही प्लेट नागपूरचीच आहे, यात मला काडीचीही शंका नाही! मेक्सिकोत मिरची आणि टमाटर असून कोणी तर्री केली नाही. सामान कुठून आलं हा एक प्रश्न आणि ते कोणी, कशासोबत, कोणत्या वेळी खाल्लं हा दुसरा, आणि आपलं खाणं म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतं. "पारंपरिक पदार्थ" म्हणून जे जे आपण छाती फुगवून सांगतो ते कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा करून बघितलेलं असतं, आणि घरच्यांनी तेव्हा नाकं मुरडली असतील हे नक्की.

मग लोक म्हणतात की गरम प्रदेशात तिखट खातात कारण मसाले जंतू मारतात. १९९८ मध्ये बिलिंग आणि शर्मन या दोन अभ्यासकांनी ३६ देशांतल्या साडेचार हजारांवर मांसाहारी पाककृती तपासून हेच मांडलं आणि ते इतकं पटणारं होतं की सगळीकडे पसरलं. पण २०२१ मध्ये दुसऱ्या एका टीमने ७० प्रकारच्या स्वयंपाकांतल्या ३३ हजारांवर पाककृती घेऊन परत हिशोब केला तर जंतूंचं गणित काही जुळलं नाही. मला विचाराल तर मला हे जंतूंचं उत्तर आधीपासूनच जरा जास्त सोपं वाटायचं, कारण चिपळूणलाही उकाडा कमी नाही, वर दमटपणा, आणि तरी आमच्या आई आमटीत गूळ आणि कोकम घालतात.

फरक हवेपेक्षा मातीत जास्त सापडतो. कोकणात दारात नारळ, त्यामुळे वाटण ओल्या खोबऱ्याचं. इकडे ओला नारळ फक्त देवाला. आमच्याकडे काळी जमीन, पावसाळा संपला की त्या ओलीवरच हरभरा येतो, जवस येतो, आणि म्हणून विदर्भातलं अर्धं स्वयंपाकघर चण्याच्या डाळीवर उभं आहे. झुणका, पाटवडी रस्सा, कढीगोळे, गोळाभात, पुडाच्या वडीचं आवरण, मोजत बसा. रस्सा दाट करायला नारळ नाही तर डाळीचं पीठ, ज्वारीचं पीठ, सुकं खोबरं, खसखस. उन्हाळ्यात भाजी महाग आणि सुकलेली, म्हणून उन्हातच वड्या, कुरड्या, सरगुंडे वाळवून ठेवायचे. ज्या उन्हाने भाजी मारली त्याच उन्हाकडून पुढच्या दिवसांची सोय करून घ्यायची.

गोळाभात घ्या. चण्याची भरड डाळ, तिखट, मीठ, मोहन, त्याचे गोळे करून शिजत्या भातात ठेवायचे आणि वाढताना वरून कडकडीत फोडणीचं तेल. नागपूरच्या पूर्वेला भंडारा-गोंदिया, तो सगळा धानाचा पट्टा, आणि पश्चिमेला वर्धा-यवतमाळ, तिथे कापूस, ज्वारी, तूर, चणा. नागपूर मधोमध. मला वाटतं गोळाभात म्हणजे हे दोन्ही पट्टे एका पातेल्यात. कोणी असं ठरवून केलं नसणार, पण सासर गोंदियाचं आणि माहेर वर्ध्याचं असलं की असं होतंच.

भाषेचंही तसंच. १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबई राज्यात आलो. एका रात्रीत राज्य बदललं पण बाजारातली नावं थोडीच बदलतात. आलू आलूच राहिला, गोबी गोबीच. पुण्याला शिकायला गेले होते तेव्हा भाजीवाल्याला सांबार मागितला तर त्याने मला मसाल्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

आता सावजी, आमच्याकडचं झणझणीत रश्शाचं जेवण. बाहेरच्यांना सावजी म्हणजे नुसती आग वाटते, आणि हल्ली हायवेवर जे "सावजी" म्हणून मिळतं ते बऱ्याचदा तेवढंच असतं, तिखट आणि तेल, मागे चव काहीच नाही. मूळचं हे जेवण हलबा कोष्टी लोकांचं, म्हणजे विणकरांचं. हातमागावर दिवसभर घरातले सगळेच राबायचे, घर हाच कारखाना. १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि नाव पण त्यावरूनच दिलं. गिरणीचं कापड आलं की हातमागाचं काय होतं हे सांगायला नको. पुढे मागांना काम राहिलं नाही तसं अनेक घरांनी पोटासाठी चूल रस्त्याकडे वळवली, समोरच्या खोलीत चार बाकडी, आत बाई रांधतेय, बाहेर नवरा वाढतोय, झालं भोजनालय. महाल, इतवारी, पाचपावलीकडे जुन्या पद्धतीची अशी घरं-कम-हॉटेलं बघायला मिळतात.

त्या रश्शात बघा काय काय आहे. तेल जवसाचं, कारण जवस इथेच पिकायचा आणि स्वस्त होता. मांसाबरोबर खूर आणि सुंदरी, म्हणजे पाय आणि आतडी, कारण तेच परवडायचं. असल्या भागांना वास असतो, ते शिजायला वेळ घेतात, म्हणून मसाला भाजून काळपट केलेला, जोरदार. बत्तीस मसाले म्हणतात, पण मी तीन घरी विचारलं आणि तीन वेगळे आकडे मिळाले. सांगायचं हे की सावजीची प्रत्येक "स्टाइल" मुळात एक अडचण होती. स्वस्त तेल, स्वस्त मांस, कमी वेळ. आणि आज लोक त्याच अडचणींच्या चवीसाठी रांगेत उभे राहून पैसे देतात.

बरं, माती झाली, पैसा झाला. पण ही चव एका पोराच्या तोंडात शिरते कशी? इथे मला सगळ्यात जास्त मजा वाटली. आपल्याला वाटतं मूल सहा महिन्यांचं झालं, उष्टावण झालं की खाणं सुरू. तर नाही, त्याच्या कितीतरी आधी. आई जे खाते त्याचा वास-स्वाद गर्भाभोवतीच्या पाण्यात उतरतो आणि बाळ ते पाणी गिळत असतं. अमेरिकेत ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग छापला. काही बायकांना गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस दिला, काहींना अंगावर पाजत असताना दिला आणि काहींना नुसतं पाणी. पुढे ती बाळं वरचं खायला लागली तेव्हा गाजराचा रस मिसळलेली पेज त्यांना चारली, तर ज्यांना गाजर आधीच "भेटलेलं" होतं त्यांनी तोंडं कमी वाकडी केली. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये तर सोनोग्राफीत पाहिलं की आईने केल नावाच्या कडू पालेभाजीची कॅप्सूल घेतली की पोटातलं बाळ रडवेलं तोंड करतं आणि गाजराची घेतली की हसल्यासारखं.

हे वाचलं आणि मला डोहाळजेवण आठवलं. आपल्या आज्या डोहाळे लागले की म्हणायच्या, ते बाळच मागून राहिलं. शास्त्र म्हणतं जरा उलट आहे, बाळ मागत नाही, पण तुम्ही जे देता ते लक्षात ठेवतं. माझ्या डोहाळजेवणाला माझ्या आईने पुडाची वडी, वडाभात आणि कढी केली होती, सासूबाईंनी चिपळूणहून येताना नारळीपाक आणलेला. पोरीने दोन्ही नोंदवून ठेवलं असेल.

वासाचं अजून एक आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग जिभेचा नसून नाकाचा असतो, घास चावताना वास घशामागून वर नाकात जातो. सर्दीत जेवण फिकं लागतं ते म्हणून. आणि बाकीच्या संवेदना मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर थांबून पुढे जातात, वास मात्र थेट गाडी पकडतो, भावना आणि आठवणी जिथे साठतात त्या भागांच्या दारातच उतरतो. त्यामुळे वासाने जागी होणारी आठवण बहुतेकदा अगदी लहानपणची असते. जवसाची चटणी कुटल्याचा वास आला की मला सरळ आजीच्या महालातल्या घराची ओसरी दिसते, उखळ, तिचा हिरवा चुडा, सगळं. रक्तातून आलेलं नाही हे काही. शेजारच्या घरी वाढले असते तर दुसरीच ओसरी दिसली असती.

पण घरचा वारसा म्हटला की आपण फक्त जपलेल्या गोष्टी मोजतो, आणि नागपुरात राहून तेवढंच मोजणं खोटं ठरेल. कोणी काय खायचं, कुठलं पाणी प्यायचं हे जातीने ठरवलेलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले ते साध्या ओंजळभर पाण्यासाठी, आणि तिथेच त्यांनी लोकांना मेलेल्या गुरांचं मांस खाणं सोडा असंही सांगितलं. ज्यांच्या वाट्याला तेच टाकलं जात होतं त्यांनी ठरवून ते सोडलं. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, आणि धर्माबरोबर ताटही बदललं. आज बुद्ध पौर्णिमेला आमच्या भागात चौकाचौकात खीर वाटतात, सुजाताने गौतमाला दिलेल्या खिरीची आठवण म्हणून. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी दर वर्षी मोठ्ठं गंज (पातेलं) चढतं. ती म्हणते, "आमच्या आजोबांच्या आजोबांनी ही खीर कधी केली नव्हती, पण आमची परंपरा हीच आहे." मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. काय सोडलं हाही वारसाच आहे, आणि तो जास्त महाग पडलेला असतो.

उरलं कुतूहल. माणूस सगळं खाणारा प्राणी, आणि सगळं खाणाऱ्याची एक पंचाईत असते. गाईला प्रश्न नाही, गवत दिसलं, खाल्लं. उंदराला आणि माणसाला मात्र नवीन काही दिसलं की एक मन म्हणतं खाऊन बघ, उद्या नेहमीचं मिळालं नाही तर? दुसरं म्हणतं नको, विष असलं तर? उंदीर इवलासा तुकडा खातो आणि थांबतो, पोटात काही झालं नाही तर पुढचा. माणसाचं पिल्लू आईच्या तोंडाकडे बघतं. दोन ते सहा वर्षांच्या पोरांना नवीन पदार्थाची भीती सगळ्यात जास्त असते, कारण त्या वयात ती हिंडायला लागलेली असतात आणि काहीही तोंडात घालू शकतात. म्हणजे पोरगं कारलं बघून पळतं तेव्हा ते नाटकं करत नाही. उपाय म्हणून संशोधक सांगतात की आठ-दहा, कधी पंधरा वेळा, जबरदस्ती न करता तोच पदार्थ समोर ठेवत राहा. आपण तिसऱ्या वेळी म्हणतो, "हिला आवडतच नाही" आणि सोडून देतो.

तिखटाचंही असंच चढत जातं. पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या एका खेड्यात जाऊन बघितलं, तिथे पोरांना कोणी मिरची भरवत नाही, मोठी माणसं मजेत खाताना दिसतात आणि पोरं आपणहून थोडी थोडी मागायला लागतात. त्याने गावातल्या कुत्र्या-डुकरांनाही पाहिलं, आयुष्यभर मिरचीवालं उष्टं खाऊनसुद्धा त्यांना मिरची आवडायला लागली नव्हती, निवड दिली की बिनतिखट उचलायची. म्हणजे नुसती सवय पुरत नाही, सोबत बसून हसणारं कोणीतरी लागतं. माझं सासूबाईंना दिलेलं उत्तर म्हणून अर्धवट होतं. आकाशपाळण्यात बसून ओरडण्यात जी मजा, तीच तर्रीत, शरीर म्हणतं मेलो आणि डोकं म्हणतं काही होत नाही बे, चल अजून एक प्लेट.

माझी पोरगी पाच वर्षांची आहे. तर्री तिने पहिल्यांदा थुंकली, नंतर नुसते चणे धुवून खाल्ले, मग एक थेंब दह्यात, हल्ली बोट बुडवून चाटते आणि हा-हू करत नाचते. तिच्या या प्रगतीवर तिची आजी बारीक लक्ष ठेवून असते, कारण दोघींची शर्यत आहे. सासूबाई आता वर्षातले चार महिने आमच्याकडे असतात आणि रविवारी पोहे खायला त्याच ठेल्यावर जायचं हा त्यांचाच नियम आहे. फक्त पिशवीत एक छोटी स्टीलची डबी असते. प्लेट हातात आली की त्या डबीतून खवलेलं ओलं खोबरं काढतात आणि तर्रीवर पसरतात.

परवा त्या भाऊने न राहवून विचारलंच, "काय टाकून राहिल्या जी आई?"

आईंनी त्याच्या हातावर चिमूटभर ठेवलं. त्याने ते आपल्याच कढईतल्या पोह्यांबरोबर तर्रीत बुडवून खाल्लं, जरा वेळ चावत राहिला, मग पुढच्या गिऱ्हाइकाला सांबार टाकता टाकता म्हणाला, "पुढच्या खेपेला जराशी जास्त आणजा."

आणि पळीभर तर्री आईंच्या प्लेटमध्ये परत ओतली, न विचारता.